वीस लिटर समुद्र

रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा या वेळात तावडेबाईंच्या दाराच्या कडीला एक पाटी लटकलेली असे. शाळेतल्या मुलांची असते तशी काळी पाटी, तिच्यावर खडूने लिहिलेलं : ‘पाणी बदलणे चालू आहे. कडी वाजवू नये.’ काळाचौकीच्या त्या चाळीत दिवसा कुणाचं दार लागत नसे, आणि लागलंच तर शेजारी काळजीत पडत. तिथे हे दीड तास बंद राहणारं दार सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दूधवाला मागे फिरे. वर्गणीवाले साडेदहानंतर येत. एकदा देवगडजवळच्या गावाहून बाईंचा सख्खा भाऊ आंब्यांची पेटी घेऊन आला, पाटी वाचली आणि समोरच्या परबवहिनींकडे चहा पीत बसून राहिला. साडेदहाला दार उघडल्यावर बाई त्याला म्हणाल्या, “तू येणार ते मला माहीत होतं रे. पण त्यांना कुठे माहीत होतं?”

‘त्यांना’ म्हणजे टाकीतल्या मंडळींना. दहा बाय बाराच्या त्या खोलीत, भिंतीला लागून, जमिनीखालच्या तुळईच्या बरोबर वर येईल अशा बेताने चार फुटी काचेची टाकी ठेवली होती. मासे त्यात मोजून पाच. बाकी सगळे दगड, आणि दगडांवर वाढलेली जिवंत प्रवाळं. काही मंद वाऱ्यात गवत हलावं तशी हलणारी, काही मखमली बटणांसारखी एकमेकांना चिकटून बसलेली. मधोमध, पूजेच्या ताम्हणाएवढं पसरलेलं एक फिकट पिवळं प्रवाळ. त्याच्या अंगभर शेकडो बारीक बोटं होती आणि ती सगळी उघडून ते उजेडाकडे तोंड करून उभं असे. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा पायातले बूट काढायला विसरलो होतो. बाईंनी खाली बघून आठवण केली तेव्हा कळलं.

मी त्या दारापर्यंत पोचलो तो मात्र एक गुन्हा करून. लालबागच्या नव्या इमारतीत राहायला गेल्यावर हॉलमध्ये समुद्री टाकी ठेवायची मला हौस आली. ऑफिसात विम्याचे दावे तपासणारा माणूस मी, माहिती गोळा करण्यात कमी पडत नाही. पण पाणी किती दिवसांनी बदलायचं या एका प्रश्नाला मला सतरा जणांकडून सतरा उत्तरं मिळाली. कुणी म्हणे आठवड्याला थोडं, कुणी म्हणे महिन्यातून एकदा भरपूर, कुणी म्हणे यंत्रं चांगली असतील तर बदलूच नका. मी सोयीचं उत्तर निवडलं. बदललंच नाही. पाण्याची पातळी खाली गेली की मिठाचं पाणी करून वरून भर घालायचो. तिसऱ्या महिन्यात प्रवाळं मिटली. एक मासा कोपऱ्यात कलंडून श्वास घेऊ लागला. मी घाबरलो आणि एका दुपारी टाकीतलं सगळंच्या सगळं पाणी काढून नवीन भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही मासे मेलेले होते.

मासे ज्याच्याकडून आणले होते त्या दुकानदाराने माझी हकीकत शांतपणे ऐकली आणि कागदावर पत्ता लिहून दिला. “आता नवीन मासा देत नाही तुम्हाला. आधी या बाईंना भेटा.”

बाई तेव्हा सदुसष्ट-अडुसष्टच्या असतील. अंगाने बारीक, सुती साडी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि चष्म्याच्या काचा लखलखीत पुसलेल्या. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि चौकशी सुरू केली.

“पाणी कमी झालं की काय घालायचास?”

“मिठाचं पाणी.”

“आमटी गॅसवर राहिली आणि आटली, तर चवीला कशी लागते?”

“खारट.”

“मग तिच्यात आणखी मीठ घालतोस?”

टाकीतून उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, हे शाळेत शिकलेलं मला त्या स्टुलावर बसून नव्याने समजलं. तीन महिने मी त्या मुक्या जिवांचं पाणी रोज थोडं थोडं खारट करत गेलो होतो.

“आणि मग एका दिवसात सगळं बदललंस. का?”

“घाबरलो होतो.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. “हे बघ, पाणी बदलायचं ते ठरलेल्या दिवशी. घाबरलेल्या दिवशी नाही.”

“पण किती दिवसांनी?”

“आठ दिवसांनी. दोनशे लिटर असेल तर वीस लिटर.”

“टाकी अगदी छान चालली असेल तर?”

“तरी आठ दिवसांनी. छान चालली आहे ती त्यामुळेच.”

ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या ओरडल्या नाहीत. निघताना मात्र म्हणाल्या, “चार मासे गेले. त्यांची नावं नव्हती, म्हणून गेले नाहीत असं होत नाही.” मी जिन्यावरून उतरताना ते वाक्य बरोबर घेऊन उतरलो.

परळच्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बाईंनी चौतीस वर्षं काम केलं होतं. वडील गिरणीत. सात भावंडांत शिकलेली ही एकटी. नवरा लवकर गेला, मुलगी स्मिता लग्न होऊन नाशिकला. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, बाईंनी टाकी आणली. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “इतकी वर्षं लोकांचं रक्त तपासलं. म्हटलं, आता ज्यांना रक्तच नाही त्यांचं बघू.” प्रवाळाला रक्त नसतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच्या पेशींना हवं-नको ते सगळं भोवतालच्या पाण्यातूनच मिळतं. “म्हणजे त्यांचं रक्त बाहेर आहे,” त्या म्हणाल्या. “आपण ते बादलीने घालतो-काढतो. मग हात स्वच्छ नकोत?”

सहा महिन्यांनी मला रविवारी दाराच्या आत राहायची परवानगी मिळाली. ती किती मोठी गोष्ट होती हे परबवहिनींच्या चेहऱ्यावरून कळलं. चौदा वर्षं समोर राहून त्या या वेळात कधी आत बसल्या नव्हत्या. शनिवारी संध्याकाळी बाई गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवत आणि निळ्या बादलीत छोटा पंप सोडून ते रात्रभर फिरत ठेवत. रविवारी आधी बादलीतलं आणि टाकीतलं तापमान बघायचं. मग क्षाराचं मोजमाप, एक थेंब काचेवर घेऊन गॅलरीतल्या उजेडाकडे धरून. मग टाकीतल्या पाण्याची तपासणी. काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकत जायचे. निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं आणि थेंब मोजायचे. मी करायचो तेव्हा पिवळं झाल्यावर थांबायचो. बाई एक थेंब आधी थांबत, नळी उजेडाकडे धरत आणि म्हणत, “पुढचा.” पुढच्या थेंबाला पाणी पिवळं होई. एकदाही चुकलेलं मी पाहिलं नाही. इस्पितळात यंत्रं आल्यावरसुद्धा अडलेला नमुना डॉक्टर यांच्याकडेच का पाठवत, ते मला त्या थेंबात दिसलं.

त्यानंतर बारीक नळीने वीस लिटर जुनं पाणी लाल बादलीत यायचं आणि निळ्या बादलीतलं तितकंच आत जायचं, इतक्या हळू की एकाही प्रवाळाचं एकही बोट मिटायचं नाही. तेवढा वेळ बाई टाकीसमोर पाटावर बसत. रेडिओ नाही, फोन नाही. “समजतं त्यांना,” त्या म्हणत. “कोण समोर बसलंय ते नाही समजत. पण घाई समजते.”

चौपाटीवरून फुकट पाणी का आणत नाही, असं चाळीतल्या कुणी ना कुणी दर वर्षी विचारी. “त्या पाण्यात अख्खी मुंबई धुऊन निघते,” बाई म्हणत. आणि एकदा एका ओळखीच्या माणसाने मालवणच्या किनाऱ्याजवळून प्लास्टिकच्या बाटलीत जिवंत प्रवाळाचा तुकडा आणला, कौतुक होईल म्हणून. बाईंचा असा राग मी पुन्हा पाहिला नाही. आवाज वाढला नाही, फक्त भाषा गावची झाली. “कायद्यान बंदी आसा, म्हायती आसा तुका? आणि कायदो नसतो तरी? त्येच्या घरातसून उचललंस त्येका.” त्यांच्या टाकीतलं प्रत्येक प्रवाळ दुसऱ्या कुणाच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा होता. समुद्रातून काढलेलं काही त्या घरात आलं नाही.

गणपतीत रस्त्यावर ध्वनिक्षेपकांची भिंत उभी राही. एका वर्षी ती बरोबर बाईंच्या खिडकीखाली आली आणि टाकीच्या काचेवर पाणी थरथरायला लागलं. बाई खाली गेल्या. तक्रार केली नाही. मंडळाच्या पाच कार्यकर्त्यांना म्हणाल्या, “वर या, एक दाखवायचंय.” गुलालाने माखलेले ते पाच जण दारात हातपाय धुऊन आत आले. बाईंनी दिवा लावला. पाचही जण काचेशी वाकले. मग त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, “आजी, हे सगळं जिवंत आहे?” त्या हो म्हणाल्या. त्या दिवशी ती भिंत चाळीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि नंतर प्रत्येक वर्षी तिथेच राहिली.

मग चाळीच्या पुनर्विकासाचं पक्कं झालं. चार महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्या, नवी इमारत होईपर्यंत वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात राहायचं. बाई एकाहत्तरच्या होत्या. स्मिता नाशिकहून आली आणि माझ्यासमोरच म्हणाली, “आई, आता तरी देऊन टाक कुणाला. तुझा गुडघा बघ. आणि तिकडे जाताना सगळं मेलं तर तुला सहन होणार आहे का?” ती चिडून बोलत नव्हती. आईची तिला काळजी वाटत होती. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विषय बदलला.

मलबार हिलचे एक गृहस्थ अख्खी टाकी न्यायला तयार होते. माणसं, गाडी, सगळी व्यवस्था त्यांची. बाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, “तुमच्याकडे पाणी कोण बदलतं?”

“एक माणूस येतो महिन्यातून एकदा. सगळं तोच बघतो.”

“आणि तुम्ही काय बघता?”

गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. चहा संपल्यावर त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आल्या आणि मला म्हणाल्या, “वडाळ्याला आपण नेऊ. पण एका दिवसात नाही. एका दिवसात घर हलवतात, समुद्र नाही हलवत.”

त्यांचा बेत ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, हे जमायचं नाही. वडाळ्याच्या खोलीत आधीच दुसरी रिकामी टाकी बसवायची. दर रविवारी जुन्या टाकीतून जे वीस लिटर पाणी काढतो ते मोरीत न ओतता तिकडे न्यायचं आणि इकडे तेवढं नवं भरायचं नाही. त्याच्याबरोबर एक दगड, त्याच्यावरच्या प्रवाळांसकट. “जीव धरून ठेवणारं जे काही असतं ते दगडात असतं,” त्या म्हणाल्या. “आधी दगड राहायला जातील. त्यांना ती जागा मानवली की मग मासे. मग मी.” असे अकरा रविवार.

माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर थर्माकोलची पेटी, पेटीत दगड, शेजारी बाई, आणि पेटीच्या पाण्यात बुडवलेला त्यांचा हात. काळाचौकी ते वडाळा हा रस्ता मी लहानपणापासून जातो-येतो, पण त्या रविवारांइतक्या हळू कधी गेलो नाही. प्रत्येक खड्ड्याआधी मागून आवाज यायचा, “सांभाळ रे.” आठ रविवार असे गेले. वडाळ्याची टाकी अर्धीअधिक भरली, दगडांवरची प्रवाळं एकेक करून तिथे उघडायला लागली. एकही मेलं नाही. काळाचौकीला मागे उरलं साठ-सत्तर लिटर पाणी, पाचांतले शेवटचे दोन केशरी मासे आणि ते मधलं ताम्हणाएवढं प्रवाळ असलेला सगळ्यात मोठा दगड. तो शेवटी न्यायचा होता, कारण तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात हळवा.

नवव्या आठवड्यात गुरुवारी सकाळी अकराला ऑफिसात फोन आला. परबवहिनींचा. चाळीची वीज तोडली होती. महिनाअखेरची तारीख सांगितली होती, पण मीटर काढणारी माणसं आजच आली आणि मीटर काढून गेलीसुद्धा. मे महिना. टाकीतले पंप बंद, पंखा बंद. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप एकच होता आणि तो, थर्माकोलच्या पेट्यांसकट, वडाळ्याला. पाणी फिरलं नाही तर त्यातली हवा तासा-दोन तासांत संपते. मी फोर्टातून निघालो, वडाळ्याला जाऊन पंप आणि पेट्या उचलल्या आणि काळाचौकीला पोचायला मला पावणेदोन वाजले. सगळा रस्ता मी मनात एकच गोष्ट ठरवत होतो : मेलेला दगड पाहून बाईंना काय म्हणायचं.

जिना चढून वर आलो तर गॅलरीत रांग होती. चाळीतल्या निम्म्या खोल्यांचं सामान बोचकी बांधून गॅलरीत पडलेलं, खाली टेम्पो उभे, आणि ही सगळी माणसं स्वतःचं सामान सोडून बाईंच्या दारासमोर रांगेत. आत परबवहिनी टाकीशी उभ्या होत्या. हातात तांब्या. तांब्या पाण्यात बुडवायचा, खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचा आणि धार सोडायची. पुन्हा बुडवायचा. बाजूला स्टुलावर बाई, एका हातात तापमापक. “उंचावरून सोडा. धार पडल्यावर बुडबुडे दिसले पाहिजेत.” शंभर धारा झाल्या की पुढचा माणूस तांब्या घेई. सव्वाअकरापासून हे चाललं होतं. कोण कुणाचा भांडलेला, कुणाची कुणाशी कोर्टकचेरी, सगळे एका रांगेत. खाली उभ्या असलेल्या टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा वर येऊन शंभर धारा घालून गेला होता. परबवहिनींच्या बंद पडलेल्या फ्रीजमधला बर्फ पिशवीत घट्ट बांधून पाण्यावर तरंगत होता आणि बाई सांगत होत्या, “एकच पिशवी. दुसरी मी म्हणेन तेव्हा. एकदम गार केलं तरी मरतील.”

सगळ्यांना माहीत होतं की या चाळीतले आपले हे शेवटचे दिवस आहेत. तरी तिथे कुणी तसं बोललं नाही. फक्त पाण्यात पाणी पडल्याचा आवाज आणि हलक्या आवाजात मोजलेले आकडे. मी दारात पेट्या घेऊन उभा राहिलो आणि काही क्षण आत जायचं धाडस झालं नाही. देवळाच्या गाभाऱ्याशी थबकतो तसं झालं मला.

बाईंनी मला पाहिलं. “आलास? ठेव तिकडे. आता घाई नको. परबवहिनी, अजून पन्नास.”

तिन्हीसांजेपर्यंत दगड, मासे आणि साठ लिटर पाणी वडाळ्याच्या टाकीत होतं. मासे तासाभरात पोहायला लागले. मोठं प्रवाळ मात्र मिटलं. सगळी बोटं आत ओढून घेतली, अंगावर मेणासारखा एक थर आला आणि ते वाळलेल्या कातड्यासारखं दिसायला लागलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मला राहवेना. तिसऱ्या आठवड्यात मी बुधवारीच नवीन पाण्याची बादली घेऊन गेलो.

“बाई, आज थोडं जास्त बदलून बघू या. नाहीतर जाईल हे.”

“आज वार कोणता?”

“बुधवार.”

“पाणी तपासलं मी सकाळी. पाणी चांगलं आहे. आता जे करायचं ते त्याने करायचंय.” मग थोड्या वेळाने, टाकीकडेच बघत, त्या म्हणाल्या, “मलाही भीती वाटते रे. रोज वाटते. म्हणून तर वार ठरवून ठेवलाय.”

इतक्या वर्षांत त्यांना कधी भीती वाटली असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं. ती बादली मी तशीच घरी आणली.

सहाव्या रविवारी नळीने पाणी आत जात असताना त्या प्रवाळाच्या अंगावरचा मेणचट थर एका कडेने सुटला. कांद्याचा पातळ पापुद्रा सुटावा तसा तो सुटत सुटत गेला, प्रवाहात वर आला आणि खालून ताजं, फिकट पिवळं अंग दिसलं. आम्ही दोघं पाटावर बसलो होतो. आधी कडेला एक बोट बाहेर आलं, टाचणीच्या टोकाएवढं. मग दहा, मग मोजता येईनात इतकी. दुपारी एकपर्यंत ते पूर्ण उघडून ताम्हणाएवढं झालं होतं. बाईंनी हात जोडले की नुसते मांडीवर एकत्र ठेवले ते मला नक्की सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतरचं दीड वर्ष चांगलं गेलं. मग एका रविवारी बाईंनी काचेची नळी माझ्यापुढे धरली. “हे पिवळं झालं की अजून निळंच आहे?”

पिवळं होऊन गेलेलं होतं. पाच थेंब आधीच. मी सांगितलं. बाईंनी नळी धुऊन, पालथी घालून ठेवली. डोळ्यांच्या मागच्या पडद्याला दोष होता, आणि तो वाढणार होता. डॉक्टरांनी तसं त्यांना आधीच सांगितलं होतं, त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं.

“मी येईन ना दर रविवारी तपासायला,” मी म्हणालो.

“तू येशील. पण बघायचं मी आणि दिसायचं तुला, असं नाही चालत. माझ्या डोळ्यांवर कुणाचा जीव नको.” लगेच पुढे म्हणाल्या, “आणि हे सगळं एकाच्या घरी गेलं, आणि तो तुझ्यासारखा एक दिवस घाबरला, तर? वाटून देऊ या.”

त्यांनी माझ्यासकट अकरा माणसं निवडली. गिरगावातली एक शिक्षिका, दादरचे बाप-लेक, शिवडीचा एक रिक्षावाला, परळमधला एक दंतवैद्य, असे. प्रत्येकाच्या घरी स्वतः गेल्या, टाकी पाहिली आणि दोन रविवार मागे बसून त्याला पाणी बदलताना पाहिलं. तिघांना नापास करून दुसरे तिघे शोधले. मग एकेका प्रवाळाचे तुकडे केले. बारीक पात्याने, डोळ्यांनी अंधूक दिसत असताना, बोटांनी चाचपून. मी दिवा धरून उभा होतो. मोठा दगड, त्या दोन केशरी माशांसकट, माझ्याकडे आला. स्वतःला काय ठेवणार, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “मला आता सगळीकडे जायला जागा झाली.”

आणि त्या खरोखर जात. प्रत्येक रविवारी एकेकाच्या घरी. पाटावर बसत, पाणी पडताना ऐकत. माझ्याकडे अकरा आठवड्यांनी पाळी यायची. शेवटच्या खेपेला त्यांनी काचेला गाल लावला होता, कारण तेवढ्या जवळून त्यांना पिवळा रंग थोडासा दिसायचा.

त्या गेल्या त्या फेब्रुवारीत, वडाळ्याच्या खोलीत, सकाळी चहा ठेवून खुर्चीत बसल्या असताना. नवी इमारत तेव्हा नवव्या मजल्यापर्यंत आली होती.

दिवस झाल्यावर स्मिता माझ्या घरी आली. आईची खोली आवरून ती नाशिकला परत निघाली होती, गाडीला दोन तास अवकाश होता. एवढ्या वर्षांत तिने टाकी लांबून पाहिली होती, जवळ कधी गेली नव्हती. “आई फोनवर दर रविवारी सांगायची,” ती म्हणाली. “आज इतकं उघडलं, आज याला नवीन फुटवा आला. मी हं हं करायचे. मला वाटायचं, एकटी असते, बोलायला काहीतरी हवं असतं तिला.”

मी टाकीतला दिवा लावला. ते प्रवाळ आता ताम्हणापेक्षाही मोठं झालं होतं आणि पूर्ण उघडलेलं होतं. प्रवाह एका बाजूने येई तशी त्याची शेकडो बोटं एका लयीत झुकत आणि परत सरळ होत. दोन केशरी मासे त्याच्या कडेने फिरत होते. स्मिता पुढे झाली. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, “हे आईने केलं?”

“दर आठवड्याला वीस लिटर,” मी म्हणालो.

तिने खुर्ची मागितली. मी आणून दिली. तिची गाडी गेली, पुढचीही गेली, आणि दिवेलागणीला माझी बायको चहा घेऊन आली तेव्हाही ती तिथेच, काचेपासून वीतभर अंतरावर बसलेली होती.